बँडकॅम्प: गाणं फुकट मिळत असताना विकत घेण्याची सोय कितपत कामाची?

बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर एखाद्या अल्बमचं पान उघडा. ठरीव किंमत असेल तर तेवढे पैसे भरायचे, मनात आलं तर त्याहून जास्त भरायचे. काही पानांवर मात्र 'किंमत तुम्हीच सांगा' असं म्हणून रिकामी चौकट दिलेली असते. कलाकाराने किमान किंमत शून्य ठेवली असेल तर चौकटीत शून्य टाकूनही अख्खा अल्बम पूर्ण दर्जात उतरवता येतो. एक पैसा न देता गाणी घेतली, म्हणून ती चोरी ठरत नाही. आता तोच माणूस दुसऱ्या कलाकाराचा सात डॉलरचा अल्बम टॉरेंटवरून घेतो. इथेही पैसे दिलेले नाहीत, इथेही कलाकाराकडची मूळ प्रत जागच्या जागी आहे. फरक इतकाच की पहिल्या कलाकाराने परवानगी दिली होती आणि दुसऱ्याने दिली नव्हती.

फुकट डाउनलोड म्हणजे चोरी का, हा वाद बहुतेक वेळा पैशावर अडकतो आणि परवानगीचा मुद्दा बाजूला पडतो. संगीत विकणाऱ्या सेवेचं परीक्षण करतानाही आवाजाच्या दर्जावर चार परिच्छेद येतात, पण विकणाऱ्याकडे विकायचा हक्क होता का, हे कोणी विचारत नाही. म्हणून इथे बँडकॅम्प तीन गोष्टींवर तपासली आहे: विक्री हक्काची आहे का, दिलेल्या पैशांपैकी कलाकाराच्या हाती किती पडतं, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती नेमकं काय येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीवर ती आजच्या मोठ्या सेवांमध्ये सरस आहे. पहिलीवर गिऱ्हाइकाला डोळे उघडे ठेवावे लागतात.

आधी कायद्याचं

चोरीच्या रूढ व्याख्येत वस्तू मालकाकडून जाते. फाइलची नक्कल केली तर मालकाकडची फाइल राहते, म्हणून दोन्ही गोष्टी एका कलमात बसत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात हे स्पष्ट केलं. एल्विस प्रेस्लीच्या अनधिकृत तबकड्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवल्याबद्दल आरोपीवर 'चोरीच्या मालाची वाहतूक' असंही कलम लावलं होतं. न्यायालयाच्या बहुमताने ते कलम उडवलं. प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग करणारा माणूस मालकाला त्याच्या हक्काच्या वापरापासून पुरतं तोडत नाही, म्हणून तो माल 'चोरीचा' नव्हे, असं त्यामागचं कारण. प्रताधिकारभंगाबद्दलची शिक्षा मात्र तशीच राहिली. वादात हा निकाल नेहमी अर्धाच सांगितला जातो.

म्हणजे नाव वेगळं, पण सुटका नाही. त्याच देशात १९९७ च्या कायद्याने नफा न कमावता केलेला भंगही फौजदारी गुन्ह्याच्या कक्षेत आणला. १८० दिवसांत १,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या प्रती, ही त्याची एक मर्यादा. दिवाणी बाजूला नुकसान सिद्ध न करताही भरपाई मागता येते: दर कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि भंग जाणूनबुजून केला असेल तर १,५०,००० पर्यंत. काझा या फाइल-वाटप सेवेवरून २४ गाणी इतरांना उपलब्ध करून दिल्याच्या एका गाजलेल्या खटल्यात शेवटी २,२२,००० डॉलर भरपाई ठरली. दुकानातून २४ गाण्यांच्या सीडी उचलल्या असत्या तर दंड याच्या जवळपासही गेला नसता. हा हिशोब विचित्र आहे आणि तसा तो म्हटलाही पाहिजे.

सगळीकडे नियम सारखे नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःच्या वापरासाठी गाणं उतरवणं चालतं, पण ते इतरांना पुरवणं चालत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं की खाजगी प्रतीची सवलत बेकायदा स्रोतावरून केलेल्या प्रतीला लागू होत नाही. त्यामुळे 'मी फक्त उतरवतो, वाटत नाही' हा बचाव देशागणिक बदलतो. टॉरेंटला तर तो मुळातच लागू पडत नाही. टॉरेंटमध्ये फाइलचे तुकडे येत असतानाच आलेले तुकडे बाकीच्यांना पाठवले जातात. अपलोडचा वेग अगदी खाली ओढला तरी काही ना काही जातच असतं, आणि कायद्याच्या नजरेत ते वितरण आहे. व्हिडिओच्या पानावरून आवाज काढून देणाऱ्या साइटवर हा धोका नसतो. तिथे त्या व्हिडिओ सेवेच्या अटी मोडतात, आणि काही देशांत तांत्रिक कुलूप फोडल्याचा वेगळा मुद्दा उभा राहतो.

एका गाण्यात हक्क दोन असतात, हेही लक्षात ठेवायला हवं. एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. जुनं पारंपरिक गाणं कोणी नव्याने गाऊन मुद्रित केलं तर चाल सगळ्यांची असेल, पण ते मुद्रण त्या गायकाचं किंवा कंपनीचं असतं. 'हे तर पारंपरिक आहे, कुठूनही घ्या' हा युक्तिवाद इथे कोसळतो.

दहा डॉलर कुठे जातात

बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापून घेते. कलाकाराची बारा महिन्यांतली विक्री ५,००० डॉलरच्या वर गेली की हा वाटा १० टक्क्यांवर येतो. तबकड्या, कॅसेट, टीशर्ट यांवर सरसकट १० टक्के. याशिवाय पैसे वळते करणाऱ्या कंपनीचं शुल्क, ते साधारण ४ ते ६ टक्के. दहा डॉलरच्या अल्बममधून बँडकॅम्पचा दीड डॉलर आणि व्यवहाराचे चाळीस ते साठ सेंट गेले तर कलाकाराच्या किंवा लेबलच्या खात्यात आठ डॉलरच्या आसपास पडतात. लेबल मध्ये असेल तर पुढची वाटणी त्यांच्या करारावर अवलंबून. ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. शक्य असेल तिथे कलाकाराच्या स्वतःच्या पानावरून घ्यावं.

एक डॉलरचं एकच गाणं घेताना हे प्रमाण बिघडतं. व्यवहाराच्या शुल्कात टक्केवारीखेरीज ठरीव रक्कमही असते, आणि लहान रकमेत तीच जास्त खाते. तीन-चार गाणी आवडली असतील तर सुटी सुटी घेण्यापेक्षा अख्खा अल्बम घेतलेला बरा. मार्च २०२० पासून बँडकॅम्प काही ठराविक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडते. त्या दिवशी व्यवहाराचं शुल्क तेवढं कापलं जातं. घाई नसेल तर घ्यायच्या अल्बमांची यादी साठवून तो शुक्रवार गाठावा.

स्ट्रीमिंगशी तुलना करताना लोक 'एका ऐकण्याला किती' असं विचारतात, पण मोठ्या सेवा तसा दर ठरवतच नाहीत. वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका हौदात जातात, त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना दिला जातो, आणि त्याची वाटणी एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात होते. म्हणजे तुम्ही महिनाभर एकाच अनोळखी बासरीवादकाला ऐकलं तरी तुमच्या वर्गणीचा मोठा भाग त्या महिन्यात सगळ्यात गाजलेल्यांकडे जातो. सरासरी काढून एका ऐकण्याला ०.००४ डॉलर धरले, तर आठ डॉलरसाठी २,००० ऐकणी लागतात. दहा गाण्यांचा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनशे वेळा. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याची मागच्या बारा महिन्यांत १,००० ऐकणीही झालेली नाहीत त्याला मुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. ऐकणाऱ्याने रीतसर वर्गणी भरलेली असते, कायदा कुठेही मोडलेला नसतो, आणि तरी कलाकाराला शून्य. फुकट उतरवणाऱ्याला चोर म्हणताना या शून्याचाही विचार व्हायला हवा, पण तो फारसा होत नाही.

याचा अर्थ टॉरेंट बरं असा मुळीच नाही. तिथेही शून्यच, आणि परवानगीसुद्धा नाही. पण ज्याला आपले पैसे कलाकारापर्यंत पोचावेत असं मनापासून वाटतं, त्याने महिन्याच्या वर्गणीवर समाधान मानू नये.

विकत घेतल्यावर हाती काय येतं

पैसे भरल्यावर ईमेलवर दुवा येतो, आणि डाउनलोडच्या पानावर फॉरमॅट निवडायची यादी दिसते: एमपीथ्री व्ही-झिरो, एमपीथ्री ३२०, फ्लॅक, एएसी, ऑग व्हॉर्बिस, अलॅक, वेव्ह आणि एआयएफएफ. कुठल्याही फाइलला कुलूप नाही. किती यंत्रांवर टाका, किती वर्षं ठेवा, इंटरनेट बंद असताना वाजवा. स्पॉटिफायच्या 'डाउनलोड'मध्ये असं होत नाही. तिथे गाणी फक्त त्यांच्याच ॲपमध्ये वाजतात, यंत्र तीस दिवसांत निदान एकदा इंटरनेटला जोडावं लागतं, आणि वर्गणी थांबली की सगळं गेलं. त्याला डाउनलोड म्हणणं ही सोयीची शब्दयोजना झाली.

काय निवडायचं? साठवणीसाठी फ्लॅक. सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवला तर मिनिटाला साधारण १०.६ एमबी लागतात. फ्लॅक तो काहीही न गमावता बहुतेक वेळा अर्ध्या ते सत्तर टक्क्यांवर आणतो. पाऊण तासाचा अल्बम अडीचशे ते साडेतीनशे एमबीत बसतो. एमपीथ्री ३२० ला मिनिटाला २.४ एमबी. व्ही-झिरोचा बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट, म्हणजे केबीपीएस) गाण्यानुसार वरखाली होतो, म्हणून प्लेयरमध्ये २३१, २५८ असे विचित्र आकडे दिसतात. ती फाइल बिघडलेली नसते. फोनवर ऐकण्यासाठी व्ही-झिरो पुरेसं आहे.

ॲपलच्या संगीत ॲपमध्ये गाणी ठेवणाऱ्यांनी फ्लॅकऐवजी अलॅक घ्यावं, कारण ते ॲप फ्लॅक आत घेत नाही. इथे एक खोच आहे: अलॅक आणि एएसी या दोन्हींच्या फाइलनावाचा शेवट एकच, 'एमफोरए'. एक आवाजातलं काही न गमावणारा, दुसरा गमावणारा, आणि नावावरून फरक कळत नाही. आकारावरून कळतो. चार मिनिटांची फाइल आठ-नऊ एमबीची असेल तर एएसी, पंचवीस-तीसची असेल तर अलॅक. वेव्ह मागण्यात काही हशील नाही. आवाज फ्लॅकइतकाच, जागा जवळजवळ दुप्पट, आणि गाण्याचं नाव, कलाकार, मुखपृष्ठ ही माहिती वेव्हमधून बरेच प्लेयर वाचत नाहीत. संपादनासाठीच हवी असेल तर गोष्ट वेगळी.

अल्बम झिप फाइल म्हणून येतो, सुटं गाणं थेट. झिप उघडत नसेल तर बहुधा ती अर्धवट उतरलेली असते. झिपमधल्या फाइलींची सूची तिच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे ९९ टक्के उतरलेली झिपही 'फाइल खराब आहे' असंच म्हणते. दुरुस्तीची साधनं शोधत बसू नका, पुन्हा उतरवा. विंडोजवर कधी कधी झिप पूर्ण असूनही काही गाणी बाहेर निघत नाहीत. बँडकॅम्प फाइलच्या नावात कलाकार, अल्बम, क्रमांक आणि गाण्याचं नाव असं सगळं घालते. त्यात लांबलचक फोल्डरचा पत्ता मिळवला की २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडली जाते. झिप थेट ड्राइव्हच्या मुळाशी, एका आखूड नावाच्या फोल्डरमध्ये उघडली की काम होतं.

फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाची तपासणी-खूण साठवलेली असते. फ्लॅकच्या आदेश-साधनातला चाचणीचा पर्याय चालवला की आवाज उलगडून ती खूण जुळते का हे सांगितलं जातं. मोठी खरेदी केल्यावर आणि वर्षा-दोन वर्षांनी साठा दुसऱ्या डिस्कवर हलवताना हे करावं. एमपीथ्रीत अशी सर्वमान्य सोय नाही. साठवणीसाठी फ्लॅक घ्यायचं हे आणखी एक कारण.

टॅगच्या, म्हणजे फाइलच्या आत भरलेल्या माहितीच्या, बाबतीत सेवा कमी पडते. कलाकार, अल्बम, क्रमांक आणि मुखपृष्ठ व्यवस्थित भरलेलं असतं, पण गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं पानाच्या तळाशी मजकुरात लिहिलेली असतात आणि फाइलमध्ये पोचत नाहीत. शास्त्रीय संगीत किंवा जॅझ जमवणाऱ्यांना हे खटकणारच. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड किंवा एमपीथ्रीटॅग हा प्रोग्रॅम वापरून एकदा भरून घ्यावं, आणि खरेदीच्या दिवशीच. नंतर कोणी करत नाही. टिप्पणीच्या रकान्यात बँडकॅम्पवरच्या पानाचा पत्ता आपोआप आलेला असतो. तो पुसू नका, गाणं कुठून आणलं याचा तो सगळ्यात सोपा पुरावा आहे.

पूर्वनोंदणी केलेल्या अल्बमबद्दल हमखास तक्रार ऐकू येते की 'पैसे बाराचे दिले आणि गाणी दोनच आली'. पूर्वनोंदणीत कलाकाराने आधी खुली केलेली गाणीच मिळतात. प्रकाशनाच्या दिवशी पुन्हा ईमेल येतो, तेव्हा अख्खा अल्बम नव्याने उतरवायचा. जुन्या दोन फाइली काढून टाका, नाहीतर प्लेयरमध्ये तीच गाणी दोनदा दिसतात.

'३२०' लिहिलेलं आणि ३२० असलेलं

आवाज काढून देणाऱ्या साइटवर '३२० केबीपीएस' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. व्हिडिओ सेवेकडे मुळात जो आवाज आहे तो साधारण १२८ केबीपीएस एएसी किंवा १६० च्या आसपासचा ऑपस. त्याला पुन्हा दाबून ३२० ची एमपीथ्री बनवली की फाइल अडीचपट होते आणि आवाज मूळापेक्षाही किंचित खालावतो, कारण गमावणारी दाबणी दोनदा झाली. आकडा फक्त भांड्याचं माप सांगतो, आत किती ओतलं ते नाही. स्पेकसारख्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून वर्णपट पाहा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेघेत सगळं कापलेलं दिसलं तर उगम बहुधा १२८ चा. खऱ्या ३२० मध्ये आवाज साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. उगम ऑपस असेल तर मात्र हे चित्र फसवतं, त्याचा वर्णपट बराच वरपर्यंत भरलेला असतो.

हीच चाचणी बँडकॅम्पवरच्या फ्लॅकलाही लावावी. बँडकॅम्प कलाकाराकडून न गमावणारी फाइलच मागते, पण कोणी एमपीथ्रीची वेव्ह करून चढवली तर सेवेला ते कळत नाही. घरगुती पातळीवर काम करणाऱ्यांकडून हे अजाणता होतं. लाइव्ह मुद्रणात किंवा जुन्या टेपवरून केलेल्या आवृत्तीत वरचे सूर मुळातच नसतात, म्हणून नुसत्या चित्रावरून आरोप करू नये. सरळ रेघेचा काप आणि हळूहळू विरत जाणारा आवाज यांत फरक असतो.

बँडकॅम्पच्या पानावर ऐकू येणारं गाणं १२८ केबीपीएस एमपीथ्री असतं. ते पकडून ठेवणारी साधनं आहेत, आणि सेवेने त्यावर अवजड कुलूप घातलेलं नाही. काही वेळा ऐकल्यावर 'आता विकत घ्या' अशी आठवण येते, तेवढंच. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली दिसते आणि ती योग्य आहे. कुलपांचा इतिहास पाहिला तर त्यांनी प्रामाणिक गिऱ्हाइकालाच छळलं. २००८ मध्ये याहूने आपलं संगीत दुकान बंद करताना परवान्याच्या किल्ल्या देणारे सर्व्हरही बंद केले आणि पैसे मोजलेल्या लोकांना भरपाई देऊ करावी लागली. टॉरेंटवरून घेतलेल्यांच्या फाइली मात्र निर्वेध वाजत राहिल्या.

पैसे दिले म्हणून हक्काचं झालं असं नाही

बँडकॅम्पची सगळ्यात कमकुवत बाजू हीच. खातं कोणीही उघडू शकतं, आणि दुसऱ्याचं संगीत स्वतःचं म्हणून चढवणारे तिथे सापडतात. हक्कधारकाने तक्रार केली की पान काढलं जातं, पण तोवर झालेल्या विक्रीचे पैसे भलत्याच माणसाकडे गेलेले असतात. टॉरेंटवाला निदान कोणाच्या खिशात पैसे घालत नाही. इथे तुम्ही पैसे मोजून चोरट्याला पोसता.

ओळखायचं कसं? कलाकाराच्या किंवा लेबलच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्या बँडकॅम्प पानाचा दुवा आहे का ते पाहा. उलट दिशेने पाहू नका, बनावट पानावरूनही खऱ्या संकेतस्थळाचा दुवा देता येतो. एकाच खात्यावर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा प्रसिद्ध कलाकार, मोठ्या कंपनीचे जुने अल्बम कवडीमोलाने, अंधुक मुखपृष्ठ, आणि श्रेयनामावलीचा पत्ता नाही, एवढं जुळलं तर खिशात हात घालू नका. दुसऱ्याच्या गाण्याची नवी गायकी असेल तर चाल आणि शब्दांचा परवाना घेण्याची जबाबदारी बँडकॅम्प चढवणाऱ्यावरच टाकते. गिऱ्हाइकाला त्याची खातरजमा करायचा मार्ग नाही, आणि तेवढं त्याने करावं अशी अपेक्षाही नसावी.

फुकट असलेल्या पानांवरही एक गफलत होते. किंमत शून्य आणि हक्क मोकळे या दोन वेगळ्या गोष्टी. पानाच्या तळाशी 'सर्व हक्क राखीव' असेल तर उतरवा, ऐका, पण ते गाणं स्वतःच्या व्हिडिओत घालणं किंवा दुसरीकडे चढवणं चालत नाही. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असेल तर तिचा प्रकार वाचा: काहींना फक्त श्रेय हवं असतं, काही व्यावसायिक वापर रोखतात, काही फेरफार रोखतात. विकत घेतलेल्या गाण्याचंही तसंच. खरेदी घरगुती ऐकण्यापुरती. उपाहारगृहात किंवा कार्यक्रमात वाजवायचं तर सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना वेगळा. आणि कंटाळा आला म्हणून फाइल विकता येईल का? अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये रीडिजी खटल्यात नाही म्हटलं, कारण फाइल दुसऱ्याकडे देताना नवी प्रत तयार होते. सीडी विकता येते, फ्लॅक नाही. त्याच किमतीत तबकडी आणि सोबत डिजिटल प्रत मिळत असेल तर तबकडी घ्या.

जे इथे मिळत नाही

मोठ्या कंपन्यांचं बरंचसं संगीत बँडकॅम्पवर नाही, आणि चित्रपटसंगीतासाठी तर ही जागाच नव्हे. शोधही अडखळत चालतो. कलाकाराच्या नावाचं स्पेलिंग नेमकं माहीत नसेल तर बाहेरच्या शोधयंत्रातून आलेलं बरं. अशा वेळी आयट्यून्स स्टोअर अजून चालू आहे. तिथे २००९ पासून गाण्यांवर कुलूप नाही, फाइल २५६ केबीपीएस एएसी मिळते, आणि घेणाऱ्याच्या खात्याची ओळख फाइलच्या आत लिहिलेली असते. ती फाइल कुठे सापडली तर कोणाची हे लपत नाही. न गमावणारा दर्जा हवा असेल तर कोबझचं दुकान आहे, पण ते ठरावीक देशांतच विकतं. जुनी सीडी मिळत असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने उतरवून आपली प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून पाहणं हा अजूनही भक्कम मार्ग आहे. अशी घरगुती प्रत चालते की नाही हे तिथल्या कायद्यावर.

फुकट आणि निर्वेध हवं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक विभागात परवानगी दिलेल्या बँडची मैफल-मुद्रणं फ्लॅकमध्ये आहेत. अमेरिकेत १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला सार्वजनिक झाली आणि त्यापुढची वर्षं क्रमाने मोकळी होत आहेत. खरी अडचण मधल्या काळाची: हक्क जिवंत, पण कोणीच विकत नाही, सीडी संपलेली, स्ट्रीमिंगवर नाही. इथे बेकायदा प्रत घेणाऱ्याने कोणाची विक्री बुडवली हे सांगणं अवघड आहे. कायद्यात त्याने फरक पडत नाही, आमच्या मते नैतिक वजनात पडतो. तरी आधी कलाकाराला किंवा लेबलला विचारून पाहावं. बँडकॅम्पवर पान असेल तर संपर्काची सोय तिथेच असते, आणि मागणी दिसली की जुनं मुद्रण पुन्हा चढवणारे लोक आहेत.

कंपनीच्या भवितव्याबद्दल थोडी सावधगिरी हवी. २०२२ मध्ये बँडकॅम्प एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने घेतली, २०२३ मध्ये ती साँगट्रेडर या संगीत-परवाना कंपनीकडे गेली आणि त्याच वेळी जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी झाले. विक्रीची पद्धत आणि वाटा बदललेला नाही. खातं उघडलं असेल तर घेतलेलं सगळं संग्रहात दिसतं आणि पुन्हा, वेगळ्या फॉरमॅटमध्येही उतरवता येतं. खात्याशिवाय घेतलं असेल तर त्याच ईमेलने नंतर खातं उघडा, खरेदी तिथे जोडली जाते. पण संग्रह म्हणजे साठवण नव्हे. वाद झाला किंवा हक्क बदलले तर पान काढलं जाऊ शकतं. खरेदीच्या दिवशीच फ्लॅक उतरवा, चाचणी चालवा, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा, आणि पैसे भरल्याचा ईमेल त्याच फोल्डरमध्ये पीडीएफ करून टाका.